पावट्यासाठी गाऱ्हाणं

साहेबलोकांच्या कुत्र्यांच्या क्लबाच्या लेखी शिवदास परब हा ‘हौशी’ होता. कुत्रे शिकवायचे पैसे जो घेत नाही तो हौशी, एवढीच त्यांची व्याख्या. पण त्या शुक्रवारी सकाळी शिवदासकडे हौस सोडून बाकी सगळं होतं. भीती होती, उद्याची काळजी होती आणि पाय तर सनाबिस वस्तीतली खोली सोडल्यापासून त्याचं ऐकतच नव्हते. हातातल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला पावट्या होता. तोही काही मजेत दिसत नव्हता.

सखीरच्या माळावर साहेबलोकांच्या गाड्या ओळीने लागल्या होत्या. लांबवर हिवाळ्यात राहायला आलेल्या अरबांचे तंबू दिसत होते. इकडे थर्मासातला चहा फिरत होता, बिस्किटं फिरत होती, आणि जिथे वर्षातून कसाबसा एक पाऊस पडतो त्या आखाती देशात ही मंडळी गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून हिंडत होती. एरवी शिवदासला याचं हसू आलं असतं.

पावट्या हा पॉइंटर जातीचा कुत्रा. पांढऱ्या अंगावर पावट्याएवढे तपकिरी ठिपके, म्हणून पावट्या. त्याच्या मालकाने, प्रेस्टन साहेबाने, त्याला लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं, ते साहेबालाही आठवत नसे. पॉइंटरचं काम पक्षी दाखवायचं. झुडपात लावा दडलेला असला की वासावरून ओळखायचं, एक पंजा उचलायचा, शेपटी ताठ करायची आणि तिथेच थिजायचं. मग कुत्र्याला घेऊन आलेल्या माणसाने त्याच्या पुढे जाऊन झुडूप हलवायचं. लावा उडाला की बाजूला उभा असलेला माणूस पिस्तुलाचा बार काढतो. पिस्तुलात गोळी नसते, नुसता आवाज. लावा निघून जातो, कोणाचं काही वाकडं होत नाही. कुत्र्याने मात्र हे सगळं होईपर्यंत जागचं हलायचं नाही, आणि बार ऐकून पळायचं तर मुळीच नाही.

पावट्या पळायचा. सगळी भानगड तिथेच होती.

शिवदास प्रेस्टन साहेबाचा ड्रायव्हर. साहेबाची डचेस नावाची कुत्री बंगल्यामागच्या खोपटात व्याली, बाकीची पिल्लं हां हां म्हणता लोकांनी नेली आणि हे एक मागे राहिलं. नोव्हेंबरात साहेबाने त्याला पहिल्यांदा माळावर नेलं आणि त्याच्या डोक्यावर बार काढला. पिल्लू शेपूट पायांत घालून जे सुटलं ते थेट गाडीखाली. साहेबाने हाका मारल्या, मटणाचा तुकडा दाखवला, शेवटी शिव्या दिल्या. ते काही येईना. मग शिवदास वाळूत पालथा पडला आणि सरपटत गाडीखाली शिरला.

पिल्लू एवढं कापत होतं, की गळ्यातला पत्र्याचा बिल्ला किणकिण वाजत होता. शिवदासने त्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. हे कापणं त्याच्या ओळखीचं होतं. आदल्या जानेवारीत, आखाती युद्धात, सायरन झाला की त्याच्याबरोबर खोलीत राहणारे दोघे विषारी वायूच्या भीतीने दाराच्या फटीत ओले टॉवेल कोंबायचे आणि शिवदास खाटेखाली जाऊन असाच कापायचा. युद्ध संपलं, सायरन थांबले, खोलीतले दोघे विसरूनही गेले. शिवदास विसरला नाही. त्याच्या खोलीत कुकर लावायला बंदी होती. शिटी झाली की त्याच्या हातातलं भांडं पडायचं, म्हणून भात उघड्या टोपात शिजायचा, आणि मुंबई-कोकणातून आलेल्या पाहुण्यांना याचं कारण कोणी सांगायचं नाही असं ठरलेलं होतं.

पिल्लू बाहेर निघाल्यावर साहेब चहाचा घोट घेत म्हणाला, “बाराला भिणारा कुत्रा कोणी घेत नाही, शिवा. मार्चमध्ये मी कायमचा इंग्लंडला जाणार. डचेस माझ्याबरोबर येईल. याला डॉक्टरकडे नेऊ. एक इंजेक्शन. त्याला कळणारसुद्धा नाही.”

साहेब दुष्ट नव्हता. शिवदासच्या आईच्या आजारपणात त्याने न मागता रजा दिली होती. तोच माणूस हे बोलला, आणि बिस्किट चहात बुडवून खाल्लं. शिवदासला त्याच्या बोलण्यापेक्षा त्या बिस्किटाची भीती वाटली.

“सर, आय ट्राय,” शिवदासच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर तो स्वतःच दचकला.

साहेब हसला, पण नाही म्हणाला नाही. अट अशी ठरली: फेब्रुवारीत क्लबाच्या चाचण्या असतात, त्यात तरुण कुत्र्यांचा एक हौशी गट असतो. त्यात शिवदासने पावट्याला उतरवायचं. परीक्षक टर्नरबाईंना बुदैया गावातल्या आपल्या बागेसाठी एक तरुण कुत्रा हवाच होता. बार ऐकून कुत्रा पळाला नाही, तर बाई त्याला घेतील. पळाला, तर शनिवारी डॉक्टर.

त्या दिवसापासून शिवदासची झोप उडाली.

कुत्रा शिकवायचा म्हणजे काय करायचं हे त्याला कुठे ठाऊक होतं? वेंगुर्ल्याजवळच्या त्याच्या गावात कुत्रे होते, शिकारही होती. पण तिथली शिकार म्हणजे रानात आरडाओरडा करत घुसायचं, डबे वाजवायचे, कुत्रे सोडायचे. कुत्र्याने गप्प उभं राहायचं ही कल्पनाच गावात कोणी ऐकून घेतली नसती. बायकोने, रंभाने, फोनवर ऐकलं आणि म्हणाली, “तुमी थंय कुत्र्याक शिकवूक गेलास काय? हय पोराक पाढे शिकवूक कोण नाय!” आणि फोन ठेवला.

मदतीला आला तो प्रवीण. खोलीतला जोडीदार, कुडाळचा सुतार. दिवसभर करवतीच्या यंत्राशेजारी काम करून त्याला हळू बोलणं जमेनासंच झालं होतं. शुक्रवारी खोलीतला तिसरा, रत्नागिरीचा एसी मेकॅनिक नझीर, आपल्या पिकअपमधून सगळ्यांना अस्कर गावाच्या पलीकडे मोकळ्या जागेवर न्यायचा. तो स्वतः मात्र काचा वर करून आत बसायचा. त्यांच्यात कुत्रा चाटला की ती जागा सात वेळा धुवायची, त्यातून एकदा मातीने. “आन् पानी कोन देल मग, तुजो सायब?” असं म्हणून त्याने विषय संपवला होता.

पहिले काही दिवस पावट्या जेवतच नव्हता. ताट ठेवलं की मागे सरायचा. शेवटी एका शुक्रवारी शिवदास त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याला धीर द्यावा म्हणून, दुसरं काही सुचेना म्हणून, गाऱ्हाणं घालू लागला. गावात शिकारीला निघताना मंडळी देवळासमोर उभी राहत, म्हातारा मानकरी देवाला गाऱ्हाणं घाली आणि प्रत्येक मागणीला सगळे एका आवाजात हुंकार भरत. शिवदास लहानपणी त्या घोळक्यात असायचा. बंदुकीला तेव्हाही घाबरायचा, पण गाऱ्हाणं चाललेलं असेपर्यंत त्याला कशाचंच भय वाटत नसे.

“बा देवा म्हाराजा,” तो पुटपुटला, “ह्या लेकरू आज तुज्या पायाशी उबा आसा. तेका दोन घास जाव दे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” मागून प्रवीण गरजला. त्यात त्याचं काही डोकं नव्हतं. मालवणी माणसाच्या कानावर गाऱ्हाणं पडलं की त्याचं तोंड आपसूक उघडतं.

आणि पावट्या ताटावर तुटून पडला.

झालं, तीच रीत पडली. गाऱ्हाणं चालू असेपर्यंत पावट्या पुतळ्यासारखा उभा राहायचा, ‘व्हय म्हाराजा’ झालं की सुटायचा. पुढे पिंजऱ्यातला लावा ठेवून तोच खेळ केला. मग प्रवीण लांबून पत्र्याचा डबा बडवू लागला. आधी अगदी लांबून, मग जवळून. डबा वाजला की पावट्याचे कान पडायचे, पण तो आधी मान वळवून शिवदासकडे बघायचा. शिवदासचे डोळे घट्ट मिटलेले असायचे. मग कुत्र्याची शेपटी हळूच पायांत जायची.

“बिचारो माजो आधार शोधता,” शिवदास म्हणायचा.

“मगे तू डोळे कशाक मिटतंस?” प्रवीणने एकदा विचारलं.

“धूळ उडता.”

डबा वाजवून धूळ उडत नाही. पण मित्राला एवढं खोटं चालतं, म्हणून प्रवीणने पुन्हा डबा उचलला.

खऱ्या बाराचा सराव मात्र झालाच नाही. पिस्तूल साहेबाकडे होतं, साहेब द्यायला तयारही होता. “उद्या घेऊ, सर,” असं म्हणत शिवदासने फेब्रुवारी आणला.

आणि आता तो सखीरच्या माळावर उभा होता.

टर्नरबाई जवळ आल्या. उन्हाने भाजलेला चेहरा, डोक्यावर पुरुषी टोपी, करारी आवाज. त्यांनी सावकाश सांगितलं: कुत्रा पक्ष्यावर उभा राहिला की तू शांतपणे पुढे जा, झुडूप हलव. त्याच्याशी बोलायचं नाही. दोन बार होतील. शिवदासने मान डोलावली. त्यातलं त्याच्या डोक्यात फक्त ‘दोन’ शिरलं. दोन कशाला? एकाने काय घोडं मारलं होतं?

पिस्तूल प्रेस्टन साहेबाच्याच हातात होतं. तो जरा पुढे, झुडपांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. प्रेक्षकांच्या ओळीत टोकाला प्रवीण होता, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याच्या मागे पिकअप, आणि पिकअपमध्ये नझीर, काचा वर.

शिवदासने दोरी सोडली.

आणि खरं सांगायचं तर पावट्याने दृष्ट लागण्यासारखं काम केलं. वाऱ्यावर नाक ठेवून तो डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे असा माळ विंचरत गेला आणि एका खुरट्या झुडपासमोर असा थिजला, की बघणाऱ्यांचे चहाचे कप ओठांपाशीच राहिले. पंजा वर, शेपटी ताठ. टर्नरबाईंनी मान हलवली. ती मान हललेली शिवदासने पाहिली. आता फक्त पुढे जायचं आणि झुडूप हलवायचं.

त्याचे पाय उचलेनात.

समोर झुडूप होतं, झुडपात लावा होता, पलीकडे साहेबाचा हात हळूहळू वर जात होता. शिवदासला कुत्रा दिसेना, माणसं दिसेनात, फक्त तो हात दिसत होता. कानात आपोआप सायरन सुरू झाला. आता बार होणार. पावट्या पळणार. उद्या शनिवार.  ओठ हलायला लागले, आणि शिवदासला कळायच्या आत त्याच्या तोंडून ते बाहेर पडलं, आधी पुटपुटत आणि मग मोठ्याने, गावच्या मानकऱ्याच्या सुरात:

“बा देवा म्हाराजा! ह्या मुक्या लेकराचो आज तूच राखणदार! जी काय इडापिडा आसात ती भायर काढ रे म्हाराजा! तेका जगव रे म्हाराजाऽ!”

साहेबलोक एकमेकांकडे बघायला लागले. टर्नरबाईंनी टोपी वर सरकवली.

आणि प्रेक्षकांच्या ओळीतून, करवतीच्या यंत्रालाही दबून न जाणाऱ्या आवाजात, हात जोडून, डोळे मिटून, प्रवीण गरजला: “व्हय म्हाराजाऽ!”

पावट्या सुटला.

महिनोन्महिने शिकवलेलं त्याने चोख केलं. झुडपावर झेप घेतली, लावा भर्रकन उडाला, आणि लाव्यामागून कुत्रा साहेबाला ओलांडून उघड्या माळावर धावला. प्रवीणने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण आता त्याचा काय उपयोग?

पहिला बार झाला.

शिवदास खाली बसला. बसला कसला, कोसळलाच. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, वाळूत तोंड. सगळा क्लब बघतोय, साहेब बघतोय, याची लाज वाटायलासुद्धा त्याच्यात जागा उरली नव्हती. तो पुन्हा खाटेखाली होता. फक्त यावेळी डोक्यावर खाट नव्हती.

म्हणून पुढचं त्याने पाहिलं नाही. ते त्याला प्रवीणने सांगितलं, नझीरने सांगितलं आणि पुढे बरीच वर्षं दोघेही सांगत राहिले.

बार होताच पावट्या उभ्या जागी थबकला. कान पडले, शेपटी खाली गेली. त्याच्यासमोर सगळा माळ मोकळा होता, पळायला कोणाची आडकाठी नव्हती. “गेला,” साहेब म्हणाला. पावट्याने सवयीप्रमाणे मान वळवून शिवदासकडे पाहिलं. शिवदास जागेवर नव्हता. वाळूत कपड्यांचं गाठोडं पडावं तसं काहीतरी पडलेलं होतं.

कुत्रा वळला. तो आणि ते गाठोडं यांच्या मधोमध साहेब उभा होता, हातात धूर निघणारं पिस्तूल घेऊन. पावट्या सरळ त्या पिस्तुलाकडे धावत आला. नियम म्हणजे नियम, साहेबाने दुसरा बार काढला, अगदी त्याच्या डोक्यावर. कुत्र्याने अंग चोरलं, पण वाट बदलली नाही. साहेबाच्या बुटांना घासून तो पुढे आला आणि शिवदासच्या पाठीवर पुढचे दोन्ही पाय टाकून उभा राहिला. मानेवर, कानावर, जिथे उघडं सापडेल तिथे चाटत सुटला.

 नझीर काच खाली करून, मग दार उघडून, मग धावत आला. सगळ्यांच्या आधी तोच पोचला. पावट्याने त्याच्याही हातावर जीभ फिरवली. नझीरने हात काढून घेतला नाही. “चाट, चाट,” तो म्हणाला, “धुवीन सात वेला.”

टर्नरबाई सावकाश चालत आल्या. प्रेस्टन साहेब त्यांच्यामागे.

“गटातून बाद,” बाई म्हणाल्या. “कुत्रा पक्ष्यावर धावला. आणि त्या माणसाने,” त्यांनी प्रवीणकडे बोट केलं, “पुन्हा माझ्या मैदानाच्या आसपास फिरकायचं नाही.”

प्रवीणची मान छातीला टेकली. शिवदासने तोंड वर केलं. त्याच्या ओठांना वाळू चिकटली होती. बाद हा शब्द त्याला कळला होता आणि शनिवार उद्यावर आला होता.

“म्हणजे डॉक्टर,” साहेब म्हणाला, पण त्याचाही आवाज पडला होता.

“डॉक्टर कशाला?” बाई त्याच्यावर उखडल्या. “बाराला भिणारा कुत्रा बारापासून पळतो, प्रेस्टन. हा तुझ्या पिस्तुलाच्या अंगावरून या माणसाकडे आला. तुझे डोळे होते कुठे? स्पर्धेत हा कधी जिंकणार नाही, ते जाऊ दे. मी त्याला बुदैयाला नेते.” मग त्या शिवदासकडे वळल्या. “शुक्रवारी तू येत जा. नाहीतर हा जेवायचा नाही.”

शिवदासला अर्धंच कळलं. प्रवीणने त्याच्या खांद्याला धरून गदागदा हलवलं आणि ओरडून सांगितलं, “वाचलो रे! मेल्या, पावटो वाचलो!” तेव्हा कुठे शिवदासला रडू फुटलं, आणि ते त्याने अजिबात आवरलं नाही.

तो तसाच वाळूत बसून राहिला. पावट्या त्याच्या मांडीत येऊन टेकला होता. “गप, गप रे, झाला सगळा,” असं म्हणत शिवदासने नेहमीसारखं त्याच्या बरगड्यांवर हात ठेवले, त्याचं कापणं थांबवायला. सबंध हिवाळाभर त्याने हेच केलं होतं. डबा वाजला की हात ठेवायचा, आणि तळव्याखाली ते कापणं लागायचं.

आता त्याने हात ठेवले आणि गळ्यातल्या बिल्ल्याची किणकिण ऐकू यायची वाट बघितली. बिल्ला वाजत नव्हता. कुत्रा शांत होता. एकसारखा, खोल श्वास घेत होता.

शिवदासने खाली पाहिलं. कापत होते ते त्याचेच हात.

पावट्या मान वळवून त्याच्याकडे बघत होता, डबा वाजल्यावर बघायचा तसाच. शिवदासने या खेपेला डोळे मिटले नाहीत.

त्या संध्याकाळी सनाबिसच्या खोलीत नझीर मोरीत हात धूत बसला होता, शेजारी माती ठेवून. प्रवीण तांदूळ धूत होता. त्याने सवयीने टोप उचलला.

“टोप ठेव,” शिवदास म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्याने खाटेची कड घट्ट धरली होती. “कुकर लाव.”

मोरीतलं पाणी थांबलं. दोघांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

“लाव म्हणतंय ना. आणि शिटी जाईपर्यंत दोघेव हयच बसा.”